बचाव फळीतली पंधरा वर्षे आणि त्यानंतरची पंचवीस

सतराव्या-अठराव्या वर्षी एखादा मुलगा फुटबॉलमध्ये बॅक, म्हणजे बचावपटू म्हणून स्थिरावतो तेव्हा, शरीराने साथ दिली तर, त्याच्यापुढे साधारण पंधरा वर्षांचा व्यावसायिक खेळ असतो. तो खेळ संपतो त्या वयात त्याच्या वर्गातले मित्र नोकरीत नुकते रुळलेले असतात, आणि साठीपर्यंतची पंचवीसहून जास्त वर्षे त्याला अजून कमावून काढायची असतात. या दोन्ही टप्प्यांची तयारी एकाच वेळी सुरू करावी लागते, ही गोष्ट मला डावा गुडघा निकामी झाल्यावर कळली. मी पुण्या-मुंबईच्या क्लबांकडून स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू म्हणून खेळलो आणि गेली काही वर्षे मुलांना शिकवतो आहे. माझ्याकडे येणारी मुले आणि त्यांचे पालक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

बचावपटूला चेंडू कुठे आहे हे पाहून भागत नाही; तो पुढे कुठे जाणार हे ओळखून त्याला जागा घ्यावी लागते. करार, दुखापत, पैसा आणि निवृत्ती या मैदानाबाहेरच्या गोष्टींनाही हेच लागू पडते, आणि तिथे बहुतेक खेळाडू उशिरा वळतात.

खेळ शिकताना

पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला कायमचा बॅक करू नये, असे माझे ठाम मत आहे. कोल्हापूरच्या तालमींच्या संघांत उंच मुलगा दिसला की त्याला मागे उभे करण्याची सवय आहे आणि मुंबईच्या शाळांतही तेच होते. त्यामुळे त्याच्या उंचीचा फायदा लगेच मिळतो, पण पायांत चेंडू खेळवण्याची कला कच्ची राहते. त्याने काही वर्षे मधल्या फळीत खेळावे, काही सामने आघाडीवरही खेळावेत. आघाडीचा खेळाडू कधी वळतो, खांदा कसा पाडतो, कोणत्या क्षणी बचावपटूच्या पाठीमागे शिरतो, हे स्वतः केल्याशिवाय अंगात मुरत नाही. 1962 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत भारताचा स्टॉपर जर्नेल सिंग यांच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले होते, म्हणून त्यांना उपांत्य आणि अंतिम सामन्यात आघाडीवर खेळवण्यात आले. त्यांनी दोन्ही सामन्यांत गोल केला आणि दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवून भारताने सुवर्णपदक जिंकले. दोन्ही बाजूंचा खेळ कळणारा माणूस म्हणजे काय, हे सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

सरावात सर्वांत आधी मानेची सवय लावावी. प्रतिस्पर्ध्याच्या विंगरकडे, म्हणजे कडेने खेळणाऱ्या खेळाडूकडे चेंडू आहे आणि क्रॉस (कडेवरून गोलसमोर टाकलेला पास) येणार आहे, अशी कल्पना करा. नवखा बॅक त्या दोन सेकंदांत फक्त चेंडूकडे पाहतो, आणि त्याचा माणूस त्याच्या पाठीमागून सरकून दूरच्या पोस्टकडे गेलेला असतो. अनुभवी बॅक शरीर अर्धे उघडे ठेवून उभा राहतो, म्हणजे एका डोळ्याच्या कोपऱ्यात चेंडू आणि दुसऱ्या कोपऱ्यात माणूस राहतो. हाताची मागची बाजू तो प्रतिस्पर्ध्याच्या कमरेला हलकेच टेकवून ठेवतो, पकडत मात्र नाही, आणि चेंडू, खांद्यामागे, पुन्हा चेंडू अशी नजर सतत फिरवत राहतो. ही सवय लावण्यासाठी मी एक साधा सराव घेतो. एक मुलगा समोरून पास देतो, दुसरा बॅकच्या पाठीमागे उभा राहून बोटे वर करतो, आणि चेंडू पायाशी पोहोचण्याआधी बॅकने मागे वळून पाहून किती बोटे आहेत ते मोठ्याने सांगायचे. रोज दहा मिनिटे केल्यास दोन-तीन महिन्यांत मान आपोआप फिरू लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे टॅकलची, पाय घालून चेंडू काढून घेण्याची, घाई करू नये. समोरचा खेळाडू चेंडू घेऊन अंगावर येत असताना गुडघे वाकवून, अंग तिरके ठेवून, हाताच्या अंतरावर मागे सरकत राहावे आणि त्याला टचलाइनकडे, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेकडे ढकलत न्यावे. त्याने चेंडू पायापासून थोडा लांब टाकला की तेवढ्याच क्षणी पाय घालावा. स्लाइड टॅकल प्रेक्षकांना आवडते, पण एकदा जमिनीवर गेलेला बॅक पुढचे तीन सेकंद संघाच्या कामाचा राहत नाही. नियमही नीट माहीत असावेत. स्पष्ट गोलची संधी फाउल करून हिरावली तर लाल कार्ड मिळते. मात्र 2016 पासून, पेनल्टी क्षेत्रात चेंडू खेळण्याचा प्रामाणिक प्रयत्न करताना असा फाउल झाला आणि पेनल्टी दिली गेली, तर पिवळ्या कार्डावर भागते. धरणे, ओढणे किंवा ढकलणे याला ही सवलत नाही, म्हणून पेनल्टी क्षेत्रात हात जर्सीवर जाता कामा नये.

तिसरी गोष्ट आवाजाची आहे, आणि ती सर्वांत दुर्लक्षित राहते. मागच्या माणसाला संपूर्ण मैदान दिसते, म्हणून बोलण्याची जबाबदारी त्याची असते. “मागे माणूस”, “वेळ आहे”, “वळ”, “लाईन वर” अशा दोन-तीन शब्दांच्या सूचना वेळेवर द्याव्यात; चूक झाल्यावर ओरडणे म्हणजे सूचना नव्हे. भारतीय क्लबमध्ये एकाच फळीत गोव्याचा, मिझोरामचा, केरळचा आणि परदेशी खेळाडू असतो, त्यामुळे हिंदी आणि कामचलाऊ इंग्रजी यांत बोलण्याची भीड मोडून काढावी. पायांचा वेग तिशीनंतर कमी होतो, नजर आणि आवाज मात्र वाढत जातात. पुढे प्रशिक्षक व्हायचे झाले तर याच दोन गोष्टींवर पोट भरते.

क्लब आणि करार

जिल्ह्याची लीग, राज्याचा संघ, संतोष करंडक ही राज्यसंघांची स्पर्धा, मग आय-लीग किंवा इंडियन सुपर लीग (आयएसएल) या क्लबांच्या राष्ट्रीय लीग, हा ओळखीचा मार्ग आहे, पण तो सरळ रेषेत जात नाही. चंदीगडचा संदेश झिंगन युनायटेड सिक्कीमसारख्या छोट्या क्लबमधून पुढे आला, 2014 च्या पहिल्या आयएसएलमध्ये केरळ ब्लास्टर्सकडून उदयोन्मुख खेळाडू ठरला आणि पुढे भारताच्या बचावाचा आधारस्तंभ झाला. 2021 मध्ये तो क्रोएशियातल्या शिबेनिक क्लबकडे गेला, पण दुखापतीमुळे तिथे लीगचा एकही सामना न खेळता पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला भारतात परतला. परदेशी जाण्याचा निर्णय त्यामुळे चुकीचा ठरत नाही. मात्र दुखापत झाल्यास पगार, उपचार आणि परतीचे काय, हे करारात आधीच लिहून घेण्याचे महत्त्व त्यातून कळते.

करार हातात आला की त्याच दिवशी सही करू नका. दोन दिवस मागून घ्या आणि क्रीडा करारांचा अनुभव असलेल्या वकिलाला दाखवा. त्याची फी एका महिन्याच्या पगाराच्या छोट्या हिश्शाइतकीच येते. फिफा या जागतिक फुटबॉल महासंघाच्या नियमांनुसार कराराची कमाल मुदत पाच वर्षे आणि अठरा वर्षांखालील खेळाडूसाठी तीन वर्षे असते. वैद्यकीय तपासणीत उत्तीर्ण झालात तरच करार लागू होईल, अशी अट घालता येत नाही. तपासणी सहीच्या आधी व्हायला हवी. करार संपायला सहा महिने उरले की दुसऱ्या क्लबशी बोलणी करण्याची मुभा असते. किमान दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी नोटीस देऊन किमान पंधरा दिवसांची मुदत द्यायची आणि तरीही पैसे आले नाहीत तर करार मोडण्याचा अधिकार खेळाडूला मिळतो. ही नोटीस लेखी आणि तारखेसह असावी, कारण व्यवस्थापकाशी फोनवर झालेले बोलणे तक्रारीच्या वेळी कामी येत नाही.

मी हे अनुभवाने सांगतो. एका क्लबने सही झाल्यावर माझ्या कराराची प्रत मला दिली नाही, “ऑफिसात आहे, कधीही घेऊन जा” असे सांगितले, आणि मी भिडेपोटी पुन्हा मागितली नाही. हंगामाच्या शेवटी दोन महिन्यांचे पैसे थकले तेव्हा मला आकडा सिद्ध करता आला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक मुलाला सांगतो की सही केलेली प्रत हातात घेतल्याशिवाय खोलीबाहेर पडू नकोस. वाद निर्माण झाल्यास 2006 मध्ये स्थापन झालेल्या फुटबॉल प्लेयर्स असोसिएशन ऑफ इंडिया या खेळाडूंच्या संघटनेकडे जाता येते. बायचुंग भुतिया तिचे पहिले अध्यक्ष होते. सभासदत्व वाद होण्याआधीच घ्यावे.

क्लबचे नाव कितीही मोठे असले तरी तो कायम राहील असे गृहीत धरू नये. 2005-06 चा राष्ट्रीय लीगचा विजेता महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. 2016 मध्ये गोव्याच्या साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तीन क्लबांनी आय-लीगमधून माघार घेतली, 2019 मध्ये एफसी पुणे सिटी संपला, आणि जुलै 2025 मध्ये तर आयएसएलचा पुढचा हंगामच लांबणीवर टाकला गेला. यांतल्या एकाही घटनेत खेळाडूंच्या खेळाचा दोष नव्हता.

शरीर

बचावपटूचे शरीर धक्के, उड्या आणि अचानक वळणे यांनी झिजते. फिफाचा ‘11+’ नावाचा वॉर्म-अप पंधरा व्यायामांचा असून वीस मिनिटांत होतो. तो प्रत्येक सरावाआधी पूर्ण करावा. त्यात गुडघ्यांवर उभे राहून, साथीदाराने घोटे धरलेले असताना, पाठ ताठ ठेवून सावकाश पुढे झुकण्याचा जो व्यायाम आहे, तो कंटाळवाणा वाटतो म्हणून मुले टाळतात. नियमित केल्यास त्याने हॅमस्ट्रिंगच्या (मांडीमागच्या स्नायूच्या) दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात असे अभ्यासांत दिसले आहे, म्हणून तो तरी सोडू नये.

गुडघ्यातला एसीएल (गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) तुटला तर शस्त्रक्रियेनंतर नऊ महिने पूर्ण होण्याआधी सामन्यात उतरू नये, मग व्यवस्थापन कितीही घाई करो. लवकर परतणाऱ्यांना तीच दुखापत पुन्हा होण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. महिने भरले म्हणजेही काम झाले असे नाही; दोन्ही पायांची ताकद मोजून ती जवळपास सारखी झाली आहे का, एका पायावर उडी मारून गुडघा आत कोसळतो का, हे फिजिओने तपासून लेखी दिल्यावरच मैदानात यावे. मी हे केले नाही. सात महिन्यांत परतलो, आणि त्यानंतर माझी कारकीर्द अर्धवटच राहिली.

डोक्याविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे यावर फार कमी बोलले जाते. ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंचा अभ्यास केला. 2019 मध्ये त्यांना असे आढळले की मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांमुळे होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण या खेळाडूंमध्ये इतरांच्या सुमारे साडेतीन पट होते. 2021 च्या पुढच्या अभ्यासात खेळाडूच्या जागेनुसार आकडे पाहिले गेले, तेव्हा हा धोका बचावपटूंमध्ये सर्वाधिक, सुमारे पाच पट निघाला, आणि गोलरक्षकांमध्ये तो सर्वांत कमी होता. हे खेळाडू जुन्या काळातले होते. तरीही गोलकिक, कॉर्नर आणि लांब क्रॉस वर्षानुवर्षे डोक्यावर घेणारा माणूस कोण असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये 2021-22 च्या हंगामापासून सरावात आठवड्याला जोरदार हेडर (डोक्याने मारलेले चेंडू) दहाच्या आत ठेवण्याची मार्गदर्शक सूचना आहे. आपल्या प्रशिक्षकानेही ती पाळावी असा आग्रह धरा. हेडरचे तंत्र, म्हणजे मान ताठ, कपाळाचा मधला भाग, उडी वेळेवर, हे हलक्या चेंडूने किंवा हाताने फेकलेल्या चेंडूने शिकता येते. लहान मुलांकडून कॉर्नरवर पन्नास-पन्नास हेडर मारून घेणारा सराव ताबडतोब बंद व्हायला हवा. डोक्याला मार बसून भोवळ आली, दिसणे अंधुक झाले किंवा स्कोअर आठवेना, तर त्या दिवशी पुन्हा खेळायचे नाही. याला अपवाद नाही.

पैसा आणि कागद

पहिल्या पगारापासून तीन हिस्से करावेत: घर, स्वतःचा खर्च आणि न दिसणारी बचत. एक वर्ष पगाराविना निघेल इतकी रक्कम बाजूला पडेपर्यंत गाडी घेऊ नये. एकोणिसाव्या वर्षी पीपीएफचे खाते उघडल्यास त्याची पंधरा वर्षांची मुदत बरोबर चौतिसाव्या-पस्तिसाव्या वर्षी, म्हणजे बूट काढायच्या सुमारास पूर्ण होते. वर्षाला दीड लाखापर्यंत त्यात भरता येतात. बॅकला याहून सोयीची योजना मला दुसरी दिसत नाही. अपघात विमा घेताना व्यावसायिक खेळातली दुखापत वगळलेली आहे का ते वाचावे, कारण अनेक पॉलिसींमध्ये ती वगळलेली असते. आयकर विवरणपत्र दरवर्षी भरावे, नाहीतर तीस वर्षांच्या वयात गृहकर्ज मागताना हातात उत्पन्नाचा एकही पुरावा नसतो.

प्रमाणपत्रांची फाइल आईच्या कपाटात राहते आणि गरज पडते तेव्हा सापडत नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकरभरतीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, आणि त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्रांची पडताळणी विभागीय उपसंचालक कार्यालयाकडून करून घ्यावी लागते. संघाची यादी, सामन्याचा निकाल, संघटनेचे पत्र हे सगळे त्या-त्या वर्षीच मिळवून ठेवावे; दहा वर्षांनी संघटनेचे पदाधिकारी बदललेले असतात आणि नोंदवही कुठे आहे हे कोणालाच सांगता येत नाही.

शेवटचे हंगाम आणि त्यानंतर

बचावपटूची निवृत्ती एका दिवसात होत नाही. आधी साइड बॅकचा मध्ये स्टॉपर होतो, मग नव्वद मिनिटांऐवजी शेवटची वीस मिनिटे मिळू लागतात, मग करार दोन वर्षांऐवजी एकाच वर्षाचा येतो. हा शेवटचा संकेत ओळखावा आणि त्याच वर्षी प्रशिक्षकाच्या परवान्याला नाव घालावे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना, मग एएफसी या आशियाई महासंघाचे सी, बी, ए आणि शेवटी प्रो अशी ही शिडी आहे. प्रत्येक पायरीमध्ये प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव मागितला जातो, त्यामुळे वर पोहोचायला अनेक वर्षे लागतात. खेळत असतानाच डी आणि सी हातात असतील, तर निवृत्तीच्या दिवशी माणूस शून्यावर नसतो. महाराष्ट्रात यासाठी वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनकडे आणि गोव्यात गोवा फुटबॉल असोसिएशनकडे चौकशी करावी.

बॅक चांगला प्रशिक्षक होतो, याची उदाहरणे आपल्या जवळच आहेत. साळगावकरचा आणि भारताचा बचावपटू राहिलेल्या डेरिक परेरा यांनी महिंद्रा युनायटेडला 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकून दिली, पुण्यात अनेक वर्षे काम केले आणि डिसेंबर 2021 मध्ये एफसी गोवाची सूत्रे हाती घेतली. गोव्याचेच महेश गवळी, 2003 मध्ये आसियान क्लब स्पर्धा जिंकणाऱ्या ईस्ट बंगालच्या संघातले बचावपटू, पुढे भारतीय संघाचे सहायक प्रशिक्षक झाले. धेंपोच्या बचाव फळीत वर्षानुवर्षे खेळलेले समीर नाईक त्याच क्लबचे प्रशिक्षक झाले. या तिघांनीही आयुष्यभर मागून मैदान पाहिले होते.

प्रत्येकाने प्रशिक्षकच व्हावे असे मात्र नाही. शाळेत कायम नोकरी हवी असेल तर पदवी आणि बी.पी.एड. लागते, म्हणून बारावीनंतर शिक्षण सोडू नये. मुक्त विद्यापीठातून पदवी घेत खेळणारे अनेक जण मी पाहिले आहेत. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविका, पंचगिरी, सामन्यांच्या व्हिडिओचे विश्लेषण, क्लबचे व्यवस्थापन हेही मार्ग आहेत. सामन्यानंतर स्वतःच्या चुका वहीत लिहून ठेवण्याची सवय असलेल्या बॅकला विश्लेषकाचे काम विशेष जमते. खेळाडूंचे एजंट होण्यासाठी 2023 पासून फिफाची परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

निवृत्तीनंतरचे पहिले सहा महिने सर्वांत कठीण असतात, आणि ते पैशांमुळे नव्हे. पंधरा वर्षे कोणीतरी सांगितलेल्या वेळी उठणे, खाणे, झोपणे झालेले असते आणि अचानक कोणीच काही सांगत नाही. मला पहाटे साडेपाचला जाग यायची आणि मी बाल्कनीत बसून राहायचो. बायकोने एक दिवस शेजारच्या सोसायटीतल्या चार मुलांना माझ्याकडे पाठवले, तेव्हा सकाळ पुन्हा भरली. म्हणून बूट काढण्याआधीच त्यानंतरच्या सोमवारी सकाळी कुठे जायचे आहे ते ठरवून ठेवावे, मग ते काम बिनपगारी असले तरी चालेल. मन फारच खचले, झोप उडाली, दारू वाढली, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात जितका कमीपणा आहे तितकाच फिजिओकडे जाण्यात आहे, म्हणजे अजिबात नाही.

जेवण पहिल्या महिन्यातच कमी करावे, कारण भूक खेळाडूचीच राहते आणि वजन गुडघ्यांवर येते. व्यायाम एकदम थांबवू नये. आठवड्यातून तीन दिवस सायकल किंवा पोहणे आणि दोन दिवस मांड्यांची ताकद एवढे पुरते. रविवारी जुन्या खेळाडूंचे सामने जरूर खेळावेत, पण हेडर टाळून. मीही त्या सामन्यांत मागेच उभा राहतो, आणि कॉर्नर आला की जवळच्या पोस्टवर एखाद्या तरुणाला उभे करून स्वतः जमिनीवरून येणारा चेंडू अडवायला थांबतो.